जुन्या गाडीचा मूळ नंबर जपायचा तर: विंटेज नोंदणीची वाट

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी पत्रा वाजवून बघतो, मग बॉनेट उघडतो, मग स्टिअरिंगमागे बसून हरखतो. कागदांची चौकशी होते ती बयाणा दिल्यावर. हा क्रम उलटा करा, असं माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. सडलेला फ्लोअर नवा घालता येतो, इंजिन बोअर करून बांधता येतं, मागचे दिवे जुन्या बाजारात कधी ना कधी सापडतात. गाडीला पहिल्यांदा मिळालेला नंबर मात्र एकदा रद्द झाला किंवा बदलला की परत मिळवणं जवळजवळ अशक्य असतं. ज्या गाडीवर तिचा मूळ नंबर शाबूत आहे, तिचा पहिल्या मालकापासूनचा माग लागतो. पन्नास वर्षं टिकलेल्या गाडीत यापेक्षा मोलाचं फारसं काही नसतं.

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१ ए ते ८१ जी हे नियम घातले आणि विंटेज, म्हणजे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या, गाड्यांच्या नोंदणीची स्वतंत्र सोय केली. तोवर अशा गाड्यांसाठी देशभर एकसारखी पद्धतच नव्हती. पहिल्यांदाच या वाटेला येणाऱ्यानं काय, कोणत्या क्रमानं करावं ते पुढे सांगतो.

नंबर वाचायला शिका

मोटार वाहन कायदा १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि 'एमएच' पुढे जिल्ह्याचा आकडा ही आजची पद्धत आली. त्याआधीच्या नंबरात तीन अक्षरं आणि पुढे चारपर्यंत आकडे असायचे. मुंबई राज्याच्या काळातल्या मुंबईच्या गाड्यांवर 'बीएम'नं सुरू होणारी अक्षरं दिसतात. महाराष्ट्र झाल्यानंतरच्या गाड्यांवर 'एमआर', 'एमएम' अशी सुरुवात दिसते. 'एमवाय' दिसलं तर गाडी जुन्या म्हैसूर राज्यातली. खासगी गाडीची पाटी तेव्हा काळी आणि अक्षरं पांढरी असत. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं ही रीत खासगी गाड्यांना पुष्कळ नंतर आली.

यातून एक गोष्ट लगेच कळते. १९६५ ची फियाट आणि तिच्यावर 'एमएच १२' असेल, तर तो तिचा पहिला नंबर असूच शकत नाही. बहुधा ती १९८९ नंतर परराज्यातून आली आणि तिला इथे नवा नंबर पडला. गाडी वाईट आहे असा याचा अर्थ नाही, पण मूळ नंबरासाठी जास्त पैसे मोजत असाल तर तो तिथे नाही हे आधीच माहीत असलेलं बरं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडी मुंबईहून कोल्हापूरला गेली तर नंबर बदलत नाही, फक्त पत्ता बदलतो.

विंटेज नोंदणी हवी की साधं नूतनीकरण?

हा निर्णय सगळ्यात मोठा आहे आणि नवखी मंडळी इथेच घाई करतात. विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, भाड्यानं तर मुळीच देता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं आणि या कामांसाठीचं जाणं-येणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी असं नियम सांगतो. लग्नात नवरदेवाची गाडी म्हणून पैसे घेऊन देणं यात बसत नाही.

दुसरी वाट साधी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करता येतं. त्यासाठी फॉर्म २५ भरायचा, गाडी आरटीओत तपासणीला न्यायची, पर्यावरण कर भरायचा. यात नंबर तोच राहतो आणि गाडी हवी तेव्हा चालवता येते. मात्र या वाटेचं शुल्क वाढत गेलं आहे. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाला १०,००० रुपये आणि मोटरसायकलला २,००० रुपये लागतात. आयात केलेल्या चारचाकीला तर ८०,००० रुपये. उशीर झाला की दंड महिन्यागणिक चढतो.

विंटेज नोंदणीचं पहिलं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि पुढच्या फेरनोंदणीला ५,००० रुपये.

माझं मत स्पष्ट आहे. दर रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन फेरफटका मारणं हा तुमच्या गाडीचा मुख्य आनंद असेल, तर साधं नूतनीकरण करा. गाडी वर्षातून चार-दोन वेळा रॅलीला आणि प्रदर्शनालाच निघणार असेल, किंवा आयात केलेल्या विंटेज गाडीसारखी भारतात तिची नोंदणीच झालेली नसेल, तर विंटेज नोंदणी घ्या. आपल्याच राज्यात नोंदलेल्या गाडीचा मूळ नंबर दोन्ही वाटांनी टिकतो (परराज्यातल्या गाडीचं वेगळं, ते पुढे येतं). त्यामुळे नंबर वाचवायचा म्हणून विंटेजच करावं लागतं, हे कुणी सांगितलं तर ते खरं नाही.

गाडी नियमात बसते का?

पहिली अट वयाची. पन्नास वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून, कारखान्यातून बाहेर पडल्यापासून नव्हे. आयात गाड्यांनाही हीच अट. १९७४ मध्ये बनलेली पण १९७७ मध्ये नोंदलेली पद्मिनी २०२७ पर्यंत थांबेल.

दुसरी अट प्रकाराची. दुचाकी आणि माणसं वाहणाऱ्या खासगी चारचाकी या नियमांत येतात. जुना ट्रक, बस, रिक्षा येत नाहीत.

तिसरी अट खरी कसोटीची. गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. आपल्याकडच्या गाड्यांचं घोडं इथेच अडतं. पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी अ‍ॅम्बेसेडरमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं गेलं. विलीज जीपना डिझेल इंजिनं आणि दुसऱ्याच गिअरबॉक्स लागल्या. स्टँडर्ड हेराल्डचं छप्पर कापून उघडी गाडी केलेली दिसते. त्या काळी हे पोटापाण्यासाठी किंवा हौसेनं केलेलं होतं, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण अशी गाडी आहे त्या अवस्थेत विंटेज म्हणून पुढे केलीत तर ती परत येईल. आधी मूळ जातीचं इंजिन शोधा, बसवा, आणि आरसीवर इंजिन बदलाची नोंद करून घ्या. सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर तेही काढून तशी नोंद करावी लागते.

मूळ जातीचं म्हणजे त्याच मॉडेलचं, त्याच काळातलं. सुरुवातीच्या अ‍ॅम्बेसेडरना साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं, पुढे १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन आलं. १९५८ च्या गाडीत नंतरचं इंजिन असेल तर ते कधी बसलं आणि आरसीवर चढलं का, हे विचारलं जाणारच. उत्तर कागदावर तयार ठेवा.

रंग, सीटचं कापड, टायर यांवर फार घाबरू नका. रंग बदलला असेल तर आरसीवर तो चढवून घ्या म्हणजे झालं.

आरसी बुक नीट वाचा

जुनं आरसी बुक हातात आलं की पहिलं पान पाहून बाजूला ठेवू नका. एकेक पान उलटा. पहिल्या नोंदणीची तारीख, उत्पादनाचं वर्ष, चॅसिस नंबर, इंजिन नंबर, बॉडीचा प्रकार, सीटची संख्या, मालकांची नावं आणि प्रत्येक हस्तांतरणाचा शिक्का. शाई फिकी पडलेली असते, घड्यांवर कागद तुटलेला असतो. दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी बसून प्रत्येक पानाचे फोटो काढा, आधी सरळ, मग तिरप्या उजेडात. पुसट शिक्के तिरप्या उजेडात बऱ्याचदा वाचता येतात. बुक लॅमिनेट मात्र कधीही करू नका. उष्णतेनं शाई उडते, आणि पुढे त्यावर नोंद किंवा शिक्का मारायला जागाच उरत नाही. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा आणि रोज लागेल ती झेरॉक्स वेगळी काढा.

वाचताना तीन अडचणी हमखास सापडतात.

एक, शेवटच्या पानावरचं नाव आणि गाडी विकणाऱ्याचं नाव वेगळं. म्हणजे मधल्या कुणीतरी गाडी घेतली आणि नावावर केलीच नाही. बुकवर ज्याचं नाव आहे त्याची किंवा त्याच्या वारसांची मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. मालक वारले असतील तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. ही कामं वेळखाऊ आहेत, पण एकदा केली की सुटतो माणूस. चार भावंडांतला एक जण परदेशात असेल तर ती सही आधी मागवा.

दोन, कर्जाची नोंद. जुन्या बुकात एखाद्या बँकेचं किंवा हप्त्यानं गाड्या देणाऱ्या पेढीचं नाव तसंच राहिलेलं असतं. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण नोंद काढलेली नसते. त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. बँक दुसरीत विलीन झाली असेल तर विलीन करून घेणाऱ्या बँकेकडे जा.

तीन, बुकच नाही. पोलिसांत हरवल्याची नोंद करा आणि फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत मागा. त्यासाठी आरटीओच्या रजिस्टरमध्ये गाडीची नोंद सापडली पाहिजे. ही जाडजूड हाती लिहिलेली रजिस्टरं असतात. नव्या जिल्ह्यांसाठी नवी कार्यालयं निघाली तरी जुनी रजिस्टरं बहुधा मूळ कार्यालयातच राहिली, म्हणून तुमच्या आजच्या पत्त्याच्या आरटीओत नोंद सापडली नाही तर लगेच निराश होऊ नका. नंबर जिथे पडला त्या कार्यालयात जा. नंबर आणि पहिल्या मालकाचं नाव लिहून तपशिलासाठी रीतसर अर्ज करा. उत्तर येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या माणसाशी अदबीनं बोला, त्याला वेळ द्या. त्याच्या कपाटातलं ते एक पान तुमच्या गाडीचं भवितव्य ठरवणार आहे.

आणि ज्या गाडीला ना बुक, ना रजिस्टरमध्ये नोंद, ना आयातीचा कागद, ती कितीही देखणी असली तरी शोभेची वस्तू म्हणूनच तिची किंमत धरा. अशा वेळी कुणीतरी म्हणेल, भंगारात गेलेल्या त्याच मॉडेलचं बुक मिळतं, नंबर ठोकून घेऊ. त्या वाटेला अजिबात जाऊ नका. दुसऱ्या गाडीचा नंबर चॅसिसवर ठोकणं हा सरळसरळ फौजदारी गुन्हा आहे. शिवाय त्यात दोन गाड्यांचा इतिहास एकदम मातीत जातो.

चॅसिस नंबरचा ठसा

अर्जासोबत चॅसिस नंबरचा पेन्सिल ठसा लागतो, आणि गाडी घेण्यापूर्वी तो स्वतः काढून बघणं ही सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची तपासणी आहे. जीपसारख्या गाडीला वेगळी फ्रेम असते, नंबर फ्रेमवर असतो. फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडरला वेगळी फ्रेम नाही. नंबर बॉडीवर, इंजिनच्या खणात शोधायचा. बुलेटला तो हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर सापडतो. रिबेट मारलेली पत्र्याची पाटी आणि धातूवर ठोकलेला नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाटी बदलता येते, म्हणून ठोकलेला नंबर शोधा आणि दोन्ही जुळतात का पाहा.

जागेवर पन्नास वर्षांचं ग्रीस, धूळ आणि दोन-तीन वेळा मारलेला रंग असतो. आधी रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं दहा मिनिटं तिथे लावून ठेवा. मग पितळी तारांच्या मऊ ब्रशनं हलक्या हातानं घासा. ग्राइंडर, पॉलिश पेपर, छिन्नी यातलं काहीही तिथे फिरकू देऊ नका; एकदा घासला गेलेला नंबर तपासणाऱ्याला खाडाखोड केल्यासारखाच दिसतो. रंग जाड असेल तर पेंट रिमूव्हर कापसानं लावा. जागा कोरडी झाली की त्यावर पातळ कागद घट्ट ताणून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा. मऊ पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेनं फिरवा. आकडे हळूहळू उमटतात. चार-पाच ठसे काढून ठेवा, कारण अर्जाला एक लागतो, विम्याच्या सर्वेअरला एक लागतो, आणि एखादा ओला होतो.

ठसा आणि बुक शेजारी ठेवून आकडा आकडा ताडून बघा. हातानं लिहिलेल्या बुकात १ चा ७ आणि ३ चा ८ झालेला असतो. कारकुनाच्या हातून झालेली अशी चूक दुरुस्त होते. रजिस्टरचा उतारा, ठसा आणि फोटो जोडून दुरुस्तीचा अर्ज करा. गंजानं नंबर खरोखरच खाल्ला असेल तर आरटीओची लेखी परवानगी घेऊनच पुढे जा. गॅरेजवाल्यानं 'मी ठोकून देतो' म्हटलं तर हात जोडून नको म्हणा.

इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. त्याचाही फोटो काढून ठेवा.

परराज्यातली गाडी

बंगळूरहून 'एमवाय' नंबरची सुंदर हेराल्ड आणायची आणि लगेच फॉर्म २७ भरून महाराष्ट्राचा नंबर मागायचा, हा मूळ नंबर घालवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या गाडीला नवा नंबर घ्यावा लागतो, हा सर्वसाधारण कायदा. विंटेजच्या नियमांत मात्र भारतात आधीच नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. म्हणून व्यवहार होण्याआधी आपल्या राज्याच्या परिवहन खात्यातल्या विंटेजच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे हे काम पाहणाऱ्या नेमलेल्या अधिकाऱ्याला, लेखी विचारा, गाडीचा इतिहास आणि तुमचा हेतू मांडा, आणि उत्तर आल्यावरच फॉर्म २८ ची ना हरकत मागायला जा. तोंडी 'होऊन जाईल' यावर विसंबू नका.

अर्ज

इथवरचं काम नीट झालं असेल तर अर्ज हा सोपा भाग आहे.

जुन्या तीन अक्षरी नंबरच्या कितीतरी गाड्या सरकारच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत नसतात. आधी आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्या. ती झाल्याशिवाय कुठलाच ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. एंट्री झाली की पडद्यावर दिसणारं प्रत्येक अक्षर बुकाशी ताडून बघा. त्या वेळी शिरलेली चूक पुढे वर्षानुवर्षं छळते.

विमा घ्या. थर्ड पार्टी विमा कायद्यानं लागतोच. पण संपूर्ण विमा घेताना वर्षागणिक घटवलेल्या किमतीवर घेऊ नका, नाहीतर लाखोंची गाडी कागदावर कवडीमोल ठरेल. मूल्यांकन करून ठरलेल्या रकमेवर पॉलिसी देता का, असं विमा कंपनीला स्पष्ट विचारा. जुन्या गाड्यांच्या क्लबांकडे जाणकार मूल्यांकनकार माहीत असतात. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे, १९१९ पासूनची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आहे. नवख्यानं अशा संस्थेचं सभासद व्हावंच. एका रविवारच्या गाठीभेटीत जे कळतं ते महिनाभर एकट्यानं धडपडून कळत नाही.

मग फॉर्म २० भरा. सोबत विमा, शुल्क, भारतात नोंदलेल्या गाडीचं जुनं आरसी आणि आयात गाडी असेल तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री (आयातीचा कागद) जोडा. माझी सूचना अशी की नियमात मागितलेलं नसलं तरी एक पातळ फाइल वेगळी द्या: गाडीच्या चारी बाजूंचे, इंजिनच्या खणाचे, डॅशबोर्डचे फोटो, ठसे, रजिस्टरचा उतारा, आणि घरात सापडले तर जुने फोटो. साठ सालच्या लग्नाच्या अल्बममध्ये गाडीची पाटी दिसत असेल तर तो फोटो सोन्याहून मोलाचा.

राज्याची समिती गाडी तपासते आणि ती विंटेज म्हणण्यायोग्य आहे का हे ठरवते. तपासणीला गाडी धुऊन न्या, पण चकाचक क्रोम दाखवण्यापेक्षा नंबरांच्या जागा स्वच्छ आणि सहज दिसतील याची काळजी घ्या. टॉर्च आणि हातात धरायचा छोटा आरसा बरोबर ठेवा; वाकून न दिसणारा नंबर आरशात दिसतो. ब्रेक, हॉर्न, दिवे चालू हवेत. कार्ब्युरेटर आधी जुळवून पीयूसी घ्या.

अर्जापासून साठ दिवसांत फॉर्म २३ ए मध्ये प्रमाणपत्र द्यावं असं नियम सांगतो. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर राहतो. नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या गाडीला दहा जागांचा नंबर मिळतो: राज्याची दोन अक्षरं, मग विंटेजची खूण म्हणून 'व्हीए', मग मालिकेची दोन अक्षरं आणि शेवटी ०००१ ते ९९९९ मधला आकडा. अर्जात मूळ नंबर ठेवायचा आहे हे ठळकपणे लिहा, आणि प्रमाणपत्र हातात आलं की खिडकी सोडण्याआधी तिथेच वाचून घ्या.

पाटी

आता हौसेचा भाग. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीची पाटी आजच्या नियमाप्रमाणे हवी. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा पाटी बसवायला सांगितली आहे. जुन्या गाडीचा मागचा खण बहुधा आखूड आणि उंच असतो, त्यात ५०० बाय १२० मिलिमीटरची लांब पाटी बसत नाही. मागणी नोंदवताना मागच्यासाठी ३४० बाय २०० मिलिमीटरचं माप मिळतं का ते पाहा. आणि कृपा करून मूळ बंपरला किंवा डिकीच्या पत्र्याला नवी भोकं पाडू नका. जुन्याच बोल्टांवर बसणारी पातळ लोखंडी पट्टी करून घ्या, पाटी त्या पट्टीवर बसवा. म्हणजे पाटी काढली तरी पत्रा अनाघ्रात राहतो.

त्या काळातली काळी पाटी प्रदर्शनाच्या मैदानात लावा, गाडी उभी असताना. ती करून घेताना छापील स्टिकर वापरू नका. पत्रा कापून त्याला काळा रंग द्या आणि हातानं अक्षरं काढणाऱ्या पेंटरला जुना फोटो दाखवा. त्या काळी पेंटरच्या हाताची अक्षरं असत, किंवा अ‍ॅल्युमिनियमची उठावाची अक्षरं रिबेटनं बसवलेली असत. तुमच्या गाडीला यातलं काय होतं ते जुन्या फोटोवरून ठरवा. जुनी जावा किंवा बुलेट असेल तर पुढच्या मडगार्डवर उभी, दोन्ही बाजूंनी लिहिलेली पाटी असायची. ती शिल्लक असेल तर तिच्यावरचा जुना थर खरवडण्याआधी फोटो काढा; खाली मूळ अक्षरं सापडतात, आणि पेंटरला त्यांचा आकार जसाच्या तसा घेता येतो. मूळ पाटी हाती लागली आणि ती वाचण्याजोगी असेल, तर तिला रंगच देऊ नका. मेणाचा पातळ हात पुरतो.

पाटी कुठलीही असो, अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय अंकांतच हवेत, असं नियम सांगतो.

नोंदणीनंतर

रॅलीला निघताना आयोजकांचं निमंत्रणपत्र, प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा. रस्त्यात पोलिसांनी थांबवलं तर गाडी कुठून कुठे चालली आहे हे त्या पत्रावरून दाखवता येतं. दुरुस्तीला नेताना गॅरेजच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या.

गाडी विकायची वेळ आली तर विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं, दोघांनीही आपापल्या परिवहन कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. त्या व्यवहारात फक्त चावी देऊ नका. ठसे, रजिस्टरचा उतारा, जुने फोटो, तुम्ही बदललेल्या भागांची यादी आणि जपून ठेवलेले मूळ भाग, सगळं नव्या मालकाला द्या. दहा वर्षांनी फेरनोंदणीला त्यालाच ते लागणार आहे.